अर्धशिशीचा रुग्ण आणि औषधांची कसोटी

मराठीत 'डोकेदुखी' हा शब्द आजारापेक्षा नकोशा माणसाला किंवा नकोशा कामालाच अधिक लावला जातो. भाषेने केलेली ही थट्टा ज्याचे डोके खरोखरच दुखते त्याला महाग पडते. ताप मोजता येतो, मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते. अर्ध्या डोक्यात उठणारी कळ मात्र कोणालाच दाखविता येत नाही. शिक्षिकेने रजेच्या अर्जात 'डोके दुखते' असे लिहिले तर मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतात. कचेरीतील कारकुनाने लिहिले तर ते कामचुकारपणाचे सभ्य नाव समजले जाते. म्हणून पुष्कळ जण अर्जात 'ताप' असे लिहून मोकळे होतात. खऱ्या आजारासाठी खोटे कारण द्यावे लागावे, असे आजार फार थोडे असतील.

अर्धशिशीची ओळख मात्र नवी नाही. सुश्रुताने सांगितलेल्या अकरा शिरोरोगांत अर्धावभेदक आहे आणि सूर्याबरोबर चढणारा सूर्यावर्तही आहे. मराठी मुलुखात सुंठ उगाळून कपाळावर लेप द्यावा, सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खावी, असे उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. आता नाव बदलले आहे, पण ओळख पटलेली आहे असे म्हणवत नाही. कारण घराघरांतून या दुखण्याला 'पित्त' म्हणतात. वांती झाली की डोके उतरते, त्यामुळे दोष पित्ताच्या माथी बसतो. वस्तुतः मळमळ आणि वांती ही या डोकेदुखीचीच लक्षणे होत. काहींना चष्म्याचा नंबर बदलून घेण्याचा सल्ला मिळतो, काहींचे दुखणे सायनसच्या नावावर जमा होते.

वैद्यकाची व्याख्या तशी सुबोध आहे. औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास टिकणारी, बहुधा एका बाजूची, ठणकणारी, मध्यम ते तीव्र, जिना चढला तरी वाढणारी डोकेदुखी. तिच्या जोडीला मळमळ अथवा वांती, किंवा उजेड आणि आवाज हे दोन्ही नकोसे होणे. आणि असे निदान पाच झटके येऊन गेलेले असणे. यांतील प्रत्येक लक्षण हवेच असे नाही. तपासणीच्या कोणत्याही यंत्रात ती सापडत नाही. रुग्णाने नीट सांगणे आणि डॉक्टरांनी नीट ऐकणे हीच तिची तपासणी. (पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, अकस्मात विजेसारखी कोसळलेली, किंवा ताप, झटके वा हातापायांतील बळ जाणे यांसह आलेली डोकेदुखी मात्र अर्धशिशी समजून घरी काढू नये, तेथे तातडीने रुग्णालयच गाठावे.)

हा आजार किती जणांना असतो? शेजारच्या कर्नाटकात बंगलोर शहर आणि भोवतालचा ग्रामीण भाग यांतील १८ ते ६५ वयाच्या लोकांची घरोघर जाऊन पाहणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांप्रमाणे वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचे प्रमाण २५.२ टक्के, म्हणजे चौघांत एक, असे निघाले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती दुप्पट-तिप्पट आढळते, हा जगभरचा अनुभव आहे. कर्नाटकाचा आकडा जसाच्या तसा नगर जिल्ह्याला लावणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु २०११ च्या शिरगणतीत ४५ लाखांवर लोकसंख्या भरलेल्या या जिल्ह्यात त्याच्या निम्मे प्रमाण धरले तरी रुग्णांची संख्या काही लाखांच्या घरात जाते. यांतील फारच थोडे मज्जाविकारतज्ज्ञापर्यंत पोहोचतात. उरलेल्यांचा डॉक्टर म्हणजे औषधाच्या दुकानातील काउंटर.

आणि येथेच एक नवे दुखणे जन्म घेते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या, अर्गटची औषधे अथवा ट्रिप्टान वर्गातील औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी सवय तीन महिन्यांपलीकडे गेली की गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. गोळी घेतली नाही म्हणून डोके दुखते आणि डोके दुखते म्हणून गोळी घेतली जाते. अशा रहाटगाडग्यात सापडलेला माणूस एके दिवशी वर्तमानपत्रात वाचतो की अर्धशिशीवर परदेशात नवी औषधे निघाली आहेत आणि काही औषधांच्या चाचण्या भारतातही होतात. त्याच्या मनात साहजिकच विचार येतो: आपल्यालाही अशा चाचणीत नाव घालता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. पण ते देण्याआधी चाचणी म्हणजे काय, हे स्पष्ट झाले पाहिजे. औषधचाचणी, ज्याला आता सर्रास क्लिनिकल ट्रायल म्हणतात, हा उपचाराचा स्वस्त मार्ग नव्हे. उपचारात डॉक्टर एका रुग्णाचे हित पाहतो. चाचणीत तो एका प्रश्नाचे उत्तर शोधीत असतो, आणि रुग्ण त्या उत्तराच्या शोधातला सहकारी असतो. त्याला लाभ होईल किंवा होणारही नाही. होईलच अशी खात्री असती तर चाचणी घेण्याचे प्रयोजनच उरले नसते. ही एवढी गोष्ट मनाशी पक्की न करता जो चाचणीत शिरतो त्याची निराशा अटळ आहे, आणि जो डॉक्टर ती समजावून न सांगता रुग्णाची सही घेतो तो आपल्या पेशाशी प्रतारणा करतो.

महाराष्ट्राला या प्रकाराचा परिचय सव्वाशे वर्षांचा आहे. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगी टोचून घेतली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मुंबईच्या भायखळा तुरुंगातील कैद्यांवर तिची कसोटी लावली. काही कैद्यांना लस दिली, काहींना दिली नाही, आणि दोन्ही गटांत प्लेग किती जणांना झाला याची तुलना केली. तुलनेचे हे तत्त्व आजही चाचणीचा कणा आहे. मात्र बंदिवानाची संमती ही खरोखर किती मोकळी असते, हा प्रश्न आज कोणीही विचारील. शास्त्र बरोबर असूनही रीत चुकू शकते, हा धडा मुंबईच्या या उदाहरणातच दडलेला आहे.

अर्धशिशीच्या बाबतीत तुलना आणखी आवश्यक ठरते, कारण हे दुखणे स्वतःच चढते आणि स्वतःच उतरते. ज्या गोळीत औषध मुळीच नाही अशी दिखाऊ गोळी, म्हणजे प्लासिबो, दिली तरी अनेक चाचण्यांत दहांतील सुमारे तिघांना दोन तासांत आराम पडल्याचे आढळले आहे. हे रुग्ण खोटे बोलत नसतात. त्यांना आराम पडलेला असतो. दूध-जिलेबीची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्या का टिकली, याचेही उत्तर कदाचित येथेच असेल. म्हणून कोणत्या रुग्णाला खरे औषध व कोणाला प्लासिबो हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवितात, आणि चाचणी संपेपर्यंत ते रुग्णालाही सांगत नाहीत व डॉक्टरांनाही कळू देत नाहीत. ही फसवणूक नव्हे, कारण असे होणार आहे हे रुग्णाला आधी सांगितलेले असते. न सांगितले तर मात्र ती फसवणूकच होय.

प्लासिबोचा उपयोग किती अनपेक्षित रीतीने होतो याचे सुंदर उदाहरण याच आजाराच्या इतिहासात आहे. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयशूळाच्या रुग्णांना प्रोप्रॅनोलॉल हे औषध देऊन पाहत होते. त्यांतील एका रुग्णाला जुनी अर्धशिशी होती. औषध चालू असता ती थांबली, आणि प्लासिबोची पाळी येताच परतली. कोणी अर्धशिशीचा शोध घेत नव्हते. पण नोंद प्रामाणिकपणे ठेवली गेली म्हणून एक धागा हाती लागला, पुढे त्यावर रीतसर चाचण्या झाल्या, आणि आज प्रोप्रॅनोलॉल हे अर्धशिशीच्या प्रतिबंधाचे एक जुने, स्वस्त व मान्य औषध आहे. दम्याच्या रुग्णाला ते चालत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे. कारण 'शेजाऱ्याला लागू पडले' एवढ्यावर औषध घेण्याची सवय फार पसरली आहे.

दुसरी कथा अलीकडची. अर्धशिशीच्या झटक्यात 'सीजीआरपी' नावाचे एक प्रथिन मानेच्या शिरेतील रक्तात वाढते, असे पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० मध्ये दाखविले. हे प्रथिन अडविता आले तर झटकाही अडेल, या कल्पनेवर पुढची तीन दशके काम झाले. त्यातले टेलकॅजेपँट हे औषध चाचण्यांत गुणकारी ठरले होते. पण प्रतिबंधासाठी ते रोज घेणाऱ्या काही जणांच्या यकृतावर परिणाम दिसू लागला, तेव्हा ती चाचणी थांबवावी लागली आणि २०११ मध्ये त्या औषधाचा नादच सोडण्यात आला. सीजीआरपीच्या मार्गात आड येणारे पहिले प्रतिबंधक इंजेक्शन अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले. गोड्सबी, एडविन्सन, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना २०२१ चे 'ब्रेन प्राइझ' मिळाले. टेलकॅजेपँटच्या चाचणीत ज्यांच्या यकृताला त्रास झाला त्यांची नावे कोणत्याही पारितोषिकपत्रावर नाहीत. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक औषधाच्या वेळी यकृताकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले गेले, ते त्यांच्यामुळे.

मग भारतातील, आणि त्यातही नगरसारख्या जिल्ह्यातील रुग्णाने या खटाटोपात पडावे कशाला? परदेशात सिद्ध झालेले औषध आयतेच मिळत असेल तर आपल्या जिवाशी खेळ कशाला, असा प्रश्न कोणीही करील. त्याचे उत्तर मुंबईच्या एका साध्या निरीक्षणात सापडते. तेथील डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली अशा ९४ भारतीय रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, ज्यांची अर्धशिशी डोक्यावरून न्हाल्याने उठत असे. लांबसडक केस धुऊन ते ओले ठेवण्याची रीत जेथे नाही तेथील पाठ्यपुस्तकात हे कारण कोठून येणार? उपास हेही असेच. जेवण चुकले की अर्धशिशी उठते हे सर्वत्र ठाऊक आहे. परंतु चतुर्थी, एकादशी आणि श्रावणी सोमवार नेमाने करणाऱ्या स्त्रीच्या महिन्याचे गणित परदेशी प्रश्नावलीत बसत नाही. वैशाखाच्या उन्हात शेतात राबणाऱ्या बाईला 'ऊन टाळा' असे सांगणे तर निव्वळ उपहास आहे. जे औषध या माणसांनी घ्यावयाचे, ते या माणसांमध्ये पारखलेले असावे, ही मागणी रास्त आहे.

तथापि लोकांच्या मनात संशय आहे, आणि तो अकारण नाही. २००५ मध्ये नियम सैल झाल्यानंतर परदेशी औषधांच्या चाचण्या भारतात झपाट्याने वाढल्या आणि देखरेख मागे पडली. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम (आज तेलंगणात) आणि गुजरातेतील बडोदा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. २०१० मध्ये तो थांबविला गेला. काही मुलींच्या मृत्यूचा जो गवगवा झाला त्याचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. परंतु संसदीय समितीने २०१३ साली जे नमूद केले ते शिक्षकवर्गाने विसरू नये: आंध्रातील पुष्कळ संमतिपत्रांवर मुलींच्या आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. लस चांगली होती. संमती खोटी होती. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेमुळे या क्षेत्राला शिस्त लावणे सरकारला भाग पडले, आणि त्याच ओघात मार्च २०१९ मध्ये 'नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम' जारी झाले. आज जो रुग्ण चाचणीत जातो तो या नियमांच्या छत्राखाली जातो. छत्र उघडावयाचे कसे हे मात्र त्याला ठाऊक असले पाहिजे.

पहिली पायरी म्हणजे नोंदवही. 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' ही नोंदणी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अखत्यारीत जुलै २००७ मध्ये सुरू झाली. जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली, आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंद झाली पाहिजे असा दंडक आहे. ही नोंदवही संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. तीत 'मायग्रेन' हा शब्द इंग्रजीत घालून शोध घेतला की चाचण्यांची यादी पुढे येते. प्रत्येक चाचणीला 'सीटीआरआय' या आद्याक्षरांनंतर वर्ष, महिना आणि अनुक्रम असा क्रमांक असतो. चाचणी कोण करीत आहे, पैसा कोणाचा, कोणत्या रुग्णालयांत, कोणत्या वयाचे व कोणत्या लक्षणांचे रुग्ण घेणार, कोणाला वगळणार, नैतिकता समितीची संमती मिळाली काय, रुग्ण घेणे चालू आहे की बंद झाले, आणि शंका विचारण्यासाठी कोणाशी पत्रव्यवहार करावा, हे सारे त्यात नोंदलेले असते. जी व्यक्ती चाचणीचे आमंत्रण देते पण हा क्रमांक सांगू शकत नाही, तिच्याशी पुढचे बोलणेच करू नये. चाचणीत घेण्यासाठी जी पैसे मागते तिच्याशीही नाही. संशोधनाच्या औषधाचा व तपासण्यांचा खर्च रुग्णावर टाकावयाचा नसतो, उलट येण्याजाण्याचा खर्च मिळावा अशी अपेक्षा असते.

हे सर्व ठीक. पण या नोंदी इंग्रजीत आहेत. आणि इंग्रजीही साधी नव्हे, वैद्यकाच्या परिभाषेने ठासून भरलेली. ज्या देशात चाचणीचे संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असले पाहिजे असा कायदा आहे, त्या देशात चाचणी शोधण्याची वही मात्र एकाच भाषेत असावी, हे कोडे उलगडत नाही. दहा ओळींचा मराठी गोषवारा प्रत्येक नोंदीला जोडणे हे काही अवघड काम नाही. तोवर हे भाषांतर गावातील शिक्षकाला, महाविद्यालयातील विद्यार्थ्याला किंवा तहसील कचेरीतील कारकुनालाच करून द्यावे लागणार.

दुसरी अडचण अंतराची. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत चौदा तालुके. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, अंतरे मात्र तीच राहिली. मोठ्या कंपन्यांच्या चाचण्यांचे ठिकाण बहुधा पुणे वा मुंबई असते, आणि नगर शहरापासूनही पुणे सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. महिन्यातून एकदा याप्रमाणे सहा-सात फेऱ्या, शिवाय मध्येच काही झाले तर धावपळ. नोकरदार माणसाच्या रजा त्यातच संपावयाच्या. म्हणून जवळचे काय आहे ते आधी पाहावे. लोणी येथे १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगरजवळ विळद घाटात दुसरे आहे, आणि नगर शहरात गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचे, शंभरी ओलांडलेले आयुर्वेद महाविद्यालय आहे. अशा संस्थांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंधही नोंदवहीत येतात, आणि आयुर्वेदाच्या चाचण्यांनाही तीच नोंदवही आहे. दोन जुन्या, मान्य औषधांची तुलना करणारा असा एखादा अभ्यास वर्तमानपत्री मथळ्याचा विषय होत नाही. पण सामान्य रुग्णाच्या दृष्टीने तो कदाचित अधिक सुरक्षित आणि नक्कीच अधिक सोयीचा असतो. कोठे काय चालू आहे ते नोंदवहीत पाहावे किंवा बाह्यरुग्ण विभागात जाऊन सरळ विचारावे.

चाचणीच्या दारात उभे राहण्यापूर्वी रुग्णाने एक काम आजच सुरू करावे: डोकेदुखीची नोंदवही. कोणत्या दिवशी दुखले, किती वाजता सुरू झाले, किती तास टिकले, कोणती गोळी किती घेतली, स्त्रियांनी पाळीच्या तारखा, बस्स, एवढेच. प्रतिबंधक औषधांच्या चाचणीत बहुधा आधीचे चार आठवडे अशी नोंद घेतात आणि तिच्या आधारे रुग्णाला घ्यावयाचे की नाही ते ठरवितात. महिन्यात चौदापर्यंत दिवस दुखत असेल तर एक वर्ग, पंधरा किंवा अधिक दिवस दुखून त्यांतील निदान आठ दिवस अर्धशिशीचे असतील आणि असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल तर दुसरा. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण, वेदनाशामकांच्या आहारी गेलेले यांना अनेकदा वगळतात. वगळले म्हणून अपमान वाटून घेण्याचे कारण नाही. नोंदवही वाया जात नाहीच. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे ती ठेवली तर पुष्कळदा चाचणीवाचूनच योग्य उपचाराची दिशा सापडते, आणि प्रतिबंधाची जुनी स्वस्त औषधे ज्यांनी नीट कधी घेतलीच नाहीत त्यांनी नव्याच्या मागे धावण्याची घाई करू नये.

एका वर्गाची आठवण मात्र येथे ठेवली पाहिजे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. दर चार आठवड्यांनी ठराविक रुग्णालयात हजर राहण्याची अट त्यांना पाळता येत नाही, म्हणून ती कोणत्याही चाचणीत नसतात. पहाटेपासून कोयता चालविणाऱ्या, अपुऱ्या झोपेच्या, कोपीत राहणाऱ्या स्त्रीच्या अर्धशिशीविषयी ज्ञान कमी आहे ते तिचे दुखणे कमी आहे म्हणून नव्हे. चाचणीचे वेळापत्रक आखणाऱ्याने गळीत हंगामाचे वेळापत्रक आधी पाहिले तर यातून मार्ग निघण्यासारखा आहे.

आता संमतिपत्राकडे वळू. ते वाचण्यास वेळ मागून घेणे, घरी नेणे, कोणाला दाखविणे हा रुग्णाचा हक्क आहे. वाचता न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत एक निःपक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर असला पाहिजे आणि त्याची सही झाली पाहिजे. माहितीपत्रक व सही केलेल्या संमतिपत्राची प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे. अगदी नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल घटकांतील व्यक्ती असेल तर संमतीचे दृक्-श्राव्य चित्रणही करावयाचे असते. कारण न सांगता केव्हाही बाहेर पडता येते, आणि त्यामुळे त्याच रुग्णालयातील नेहमीच्या उपचारात उणे करता येत नाही. पत्रात व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचे नाव यांच्यासाठी जागा असते. वारसदाराचे नाव पाहून पुष्कळांच्या छातीत धस्स होते. परंतु ती जागा रुग्णाच्या बाजूने ठेवलेली आहे. चाचणीमुळे इजा झाली तर आवश्यक तोवर, किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही असे सिद्ध होईपर्यंत, मोफत उपचार आणि संबंध सिद्ध झाल्यास भरपाई, असा नियम आहे. मृत्यूच्या भरपाईचे सूत्र आठ लाखांच्या मूळ रकमेला वयाच्या व धोक्याच्या गुणकांची जोड देऊन ठरविलेले आहे. गंभीर घटना घडल्यास चोवीस तासांच्या आत ती औषध नियंत्रकांना, प्रायोजकाला व नैतिकता समितीला कळवावी लागते.

अर्धशिशीच्या रुग्णाने विशेषतः एक प्रश्न विचारावा: मला प्लासिबो मिळाला आणि डोके फुटावयास आले तर मी दुसरी कोणती गोळी घेऊ शकतो, आणि किती तासांनी? या गोळीला 'सुटकेची गोळी' म्हणता येईल. ती कोणती, हे नियोजनात आधीच ठरलेले असते. आराखड्यात ठरलेले असूनही असे औषध दिले गेले नाही आणि त्यातून इजा झाली, तर तीही भरपाईस पात्र ठरते. चाचणी संपल्यावर औषध पुढे मिळणार काय, हा दुसरा प्रश्न. सहा महिने सुखाचे घालवून सातव्या महिन्यात पुन्हा अंधाऱ्या खोलीत पडावयाचे असेल तर ते आधी ठाऊक असलेले बरे.

हे सर्व साध्या माणसाला समजणार नाही, असे सुशिक्षित लोक म्हणतात. त्यांना याच जिल्ह्यातले उत्तर आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. त्या प्रकल्पाचा खरा आधार डॉक्टर नव्हते, तर गावांनी निवडलेल्या स्त्रिया होत्या. त्यांतील अनेकींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, तरी आजार का होतो आणि काय करावे हे त्यांनी शिकून घेतले आणि गावाला आपल्या भाषेत शिकविले. ज्या तालुक्यात हे घडले तेथील माणसाला चिठ्ठी टाकून औषध ठरविण्याची कल्पना समजणार नाही, असे म्हणणे म्हणजे समजावून सांगण्याचा आळस झाकणे होय.

शेवटी नैतिकता समितीविषयी. प्रत्येक औषधचाचणीला अशा समितीची मान्यता लागते, आणि ज्या रुग्णालयात स्वतःची समिती नाही त्याला त्याच शहरातील किंवा पन्नास किलोमीटरांच्या आतील समितीची मान्यता घेता येते. समितीत किमान सात सदस्य. निम्मे तरी संस्थेच्या बाहेरचे. त्यांत एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक हवा. नियमाने हा सामान्य नागरिक केवळ शोभेसाठी ठेवलेला नाही: तो हजर नसेल तर बैठकीची गणसंख्याच पूर्ण होत नाही. या जागेसाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. किंबहुना ती नसणे हीच पात्रता आहे. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, कचेरीतील वरिष्ठ लिपिक यांच्यासाठी ही जागा जणू बेतलेलीच आहे. संमतिपत्राचा मराठी मजकूर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, असे तो म्हणू शकतो. 'यादृच्छिक विभागणी' असे शब्द आले तर तेथे 'चिठ्ठी टाकून' असे लिहावे, असा आग्रह धरू शकतो, आणि मजकूर बदलेपर्यंत आपली मान्यता राखून ठेवू शकतो.